बस थांबव

"हात पुढे करा," डॉक्टर म्हणाल्या,
"समोरून बस येतेय, ती थांबवायची आहे, असे."

गुणोने हात पुढे केले.
तळवे ताठ, बोटं वर,
आणि क्षणात मनगटं आपोआप पडली, पुन्हा उठली, पुन्हा पडली,
कुणी सुपात तांदूळ पाखडावेत तशी.
बांबोळीच्या त्या खोलीत
माझ्या भावाला एकही बस थांबवता आली नाही.

"दारू किती घेता?"
चार शिकाऊ डॉक्टर, चार पेनं तयार.
गुणो हसला. पिवळ्या डोळ्यांनी
माणूस हसतो ते बघवत नाही.
चरावण्यात आमची काजूची भाटी.
तीस उन्हाळे त्याने हुरो गाळला,
पेल्यातले मणी किती टिकतात ते बघून
नजरेनेच त्याचा कडकपणा सांगितला.
जिभेला थेंब लावला नाही.
बाबांना वाटेवरून उचलता उचलता मोठा झालेला तो.
पण भाटीवाल्याचं लिव्हर गेलं म्हटल्यावर
गावाने गोष्ट आधीच पुरी करून टाकली होती.

डॉक्टर मिनेझिसनी पेनाला टोपण लावलं.
"आई कशाने गेली?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं, पोट वाढत गेलं, नववा महिना असल्यासारखं.
देवचाराला रोट दिला, सोरो दिला.
त्याने घेतला. तिला चाळिशी दिसली नाही.

रक्ताचा कागद आला तेव्हा त्या बरंच बोलल्या.
मला कळलं ते शेवटचं अक्षर: बी.
म्हणजे बीच ना, रुजते ती?
जन्मताना आईकडून लेकराकडे येते, म्हणाल्या.
काजूची बी निदान फळाबाहेर लोंबते,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते.
ही आत बसली, अठ्ठेचाळीस वर्षं, चूप.

"आणि तुम्ही?"
मी तर फक्त सोबतीला आले होते.
माझीही बाही वर गेली. रिपोर्ट गुरुवारी.

मग अकरा दिवस.
पोटात सुई, सुईला नळी, नळीखाली बाटली,
त्यात नीऱ्यासारखं पाणी थेंब थेंब.
गुणो आडवा पडून विचारतो, "किती लिटर?"
"साडेचार."
"बरी उतरली." धंद्याची सवय.
तोंडातून दुर्बीण घालून
अन्ननळीतल्या फुगल्या शिरांना रबराच्या रिंगा बांधल्या.
मीठ बंद. शेजारच्या खाटेवरचा रुझार
खाऱ्या बांगड्याची आठवण काढून
अख्ख्या वॉर्डाला छळायचा.
आणि ते गोड औषध. सिस्टर फिलू सकाळी दारातूनच ओरडायची,
"आज कितीदा?"
लाज केव्हाच सुटलेली माणसं
खाटांवरून आकडे सांगायची.
तीनदा म्हटलं की ती शाबासकी द्यायची, शाळेत देतात तशी.

रोज एका वहीत सही.
पहिल्या दिवशीची, मुंग्यांच्या रांगेत कुणी पाणी ओतलेलं.
चौथ्या दिवशी एक 'गु' उभा राहिला.
नवव्या दिवशी गुणाजी रामा गावस,
आडनावाखाली रेघसुद्धा.

"बरं होईल असं म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"सांभाळू. गोळी रोज, न चुकता. दर महिन्याला मला दिसा."
तो हो म्हणाला. मीही म्हणाले,
मला कुणी विचारलं नव्हतं तरी.

बुधवारी सुटलो. हमरस्त्यावर थांब्याला उभे,
पिशवीत औषधं, फाईल, रुझारच्या बायकोने दिलेली दोन केळी.
दुपारचं ऊन. वळणावर पणजीची कदंबा दिसली.
गुणोने हात पुढे केला.

मी बसकडे बघितलंच नाही.
त्याच्या मनगटाकडे बघत होते.
एक. दोन. तीन. चार.
तळवा ताठ.

मग माझं मला कळलं नाही,
मीही हात पुढे केला, बोटं वर,
आणि माझ्याच हाताकडे बघत राहिले.

बस थांबली. कंडक्टर दारात लोंबत म्हणाला,
"अगे बाय, दोघांनी कित्याक? एक हात पुरो."